मारुतीच्या पारावरची दहा मिनिटं

आमच्या बँडचे मास्तर म्हणाले, लिहायचं तर लिही, पण नाव टाकू नको. माझं नको, बँडचं नको, कुणाचंच नको. मी म्हटलं, मग लोकांना कळायचं कसं? "तीस वर्सं कळलं न्हाई," ते म्हणाले, "आता कळून काय करणार हाईत." तेव्हा हे सगळं बिननावाचं. एका बँडला त्याचा मान मिळावा म्हणून लिहायला बसायचं आणि त्याचं नावच लिहायचं नाही, हा उद्योग माझ्याच वाट्याला यायचा होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशातली माझी गत आहे.

मारुतीपासूनच सुरू करतो. आमच्या लातूर-नांदेडच्या पट्ट्यात लग्न लागायच्या आधी नवरदेवाचा परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर बसून गावच्या मारुतीच्या पाया पडायला जातो. पुढे बँड, बँडच्या पुढे नाचणारे मित्र आणि मेहुणे. जानवसा ते देऊळ हे अंतर जेमतेम दोन-तीनशे पावलांचं, पण त्याला दीड-दोन तास लागतात. एवढ्या वेळात काय वाजवायचं हे बँड ठरवत नाही. नोट कपाळाला लावून फर्माईश येते, सिनेमातलं गाणं असतं, ते वाजवायचं. तेच परत म्हणाले तर परत वाजवायचं. नागाची धून सुरू झाली की एक मेहुणा रस्त्यावर लोळणार आणि एक जण तोंडात रुमाल धरून पुंगी होणार, हे ठरलेलं.

मग नवरदेव देवळात शिरतो. आत नारळ फुटेपर्यंत, तेल वाहून होईपर्यंत, आत्या आणि मामा यांच्यात टोपीवरून काहीतरी बिनसून ते मिटेपर्यंत दहा मिनिटं जातात. बाहेर नाचणारे दम खात उभे असतात. कुणी टाकीवर तोंड धुतं, कुणी चप्पल शोधतं. फर्माईश करणारा कुणी उरत नाही. आमच्या बँडने स्वतःचं असं जे काही संगीत केलं, ते सगळं त्या दहा मिनिटांत केलं. चार वर्षं मी त्यात होतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, तसलं काही मी पुढे कधी ऐकलं नाही.

बँड अहमदपूरचा होता. अहमदपूर लातूर आणि नांदेडच्या अधेमधे, त्यामुळे एक लग्न औशाला तर दुसरं कंधारला असं आमचं चालायचं. मास्तरांच्या घरात हलगी होती. वडील वाजवायचे, आजा वाजवायचा. मास्तर लहानपणी हलगी शिकले, तरुणपणी ब्रास बँडमध्ये ढोल घेतला आणि मग नांदेडच्या एका मोडीत निघालेल्या ऑर्केस्ट्राकडून गिटार घेऊन आले. तिला चारच तारा होत्या. विकणाऱ्यालाही वाटत होतं की दोन तुटल्यात, म्हणून त्याने भाव पाडून दिली. मास्तर सहा महिने लातूरच्या दुकानांतून त्या दोन तारा शोधत फिरले. मग एकाने सांगितलं की ही बास गिटार आहे, हिला चारच तारा असतात, आणि ही साथीला वाजवतात, पुढे येऊन वाजवायची नसते. मास्तरांनी पहिली गोष्ट मान्य केली, दुसरी केली नाही.

बासचा आवाज भोंग्यातून येईना. हातगाड्यावर जनरेटर होता, ॲम्प्लिफायर होता, पण भोंग्यातून नुसती गुणगुण यायची. मास्तरांनी घरातली ज्वारीची पत्र्याची कोठी रिकामी केली, तिच्या तोंडाशी मोठा स्पीकर बसवला आणि कोठी गाड्यावर आडवी बांधली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या दिवशी ज्वारी पोत्यात भरता भरता जे काही ऐकवलं ते मला अजून आठवतं. पण त्या कोठीतून जो आवाज निघाला तो कानाला नाही, पोटाला ऐकू यायचा.

चाल सुरू व्हायची ती नुसत्या कोठीतून. मास्तर अंगठ्याने जाड तार ठोकायचे आणि बोटाने बारीक तार ओढून सोडायचे, ती फळीवर चट्दिशी आपटायची. हलगीवर जाड काठीचं आणि बारीक काडीचं जे भांडण चालतं, तेच त्यांनी तारांवर आणलं होतं. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि मधेच ते एक जागा रिकामी सोडायचे. सगळ्या अंगाला वाटायचं की आता इथे ठोका पडणार, आणि नेमके तिथे ते काहीच वाजवायचे नाहीत. त्या रिकाम्या जागेत आमचा कंधारचा ट्रम्पेटवाला दोनच सूर टाकून बाजूला व्हायचा. माझ्या कीबोर्डला काम एवढंच की तीन पट्ट्या दाबायच्या आणि चटका बसल्यासारखा हात उचलायचा. माझा हात जरा लांबला की मास्तर मान न वळवता म्हणायचे, "अप्पा, वान्याचं पोरगं असून माप जास्ती कामून टाकायलास?"

मला अप्पा म्हणायचे ते चेष्टेने. मी लातूरच्या लिंगायत किराणा दुकानदाराचा मुलगा. गळ्यात लिंग, बँडच्या लाल कोटाच्या आत.

या चालींना शब्द नव्हते, नावंही नव्हती. जिथे पहिल्यांदा वाजली त्या गावची ती चाल. औशाची, कंधारची, अहमदपूरची, नांदेडची मोठी आणि नांदेडची धाकटी. कंधारची सगळ्यांत चांगली. ती सुरू झाली की पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या माना हलायला लागायच्या. आपली मान हलतेय हे लक्षात आलं की ते थांबायचे आणि इकडेतिकडे बघायचे. एवढीच आमची दाद. कागदावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिता कुणालाच येत नव्हतं आणि कधी लागेल असं वाटलंही नव्हतं.

एकदा औशाला आम्ही दहाऐवजी बारा मिनिटं वाजवलं. आत काहीतरी खोळंबा झाला होता आणि आम्हाला वाटलं, देवच पावला. ट्रम्पेटवाला डोळे मिटून वाजवत होता. नवरदेवाचा चुलता देवळातून बाहेर आला, कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "किती येळ सूर जुळवताव बे? वाजवा की आता." बाकीचे हसले. मास्तरही हसले आणि त्यांनी लगेच सिनेमाचं गाणं धरलं. मला मात्र त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली होती. आजही त्याची आठवण झाली की दात आवळले जातात.

पंगत उठल्यावर शेवटी आम्ही जेवायचो. मला त्याचं काही वाटायचं नाही, पण एका लग्नात वऱ्हाडी म्हणून माझे वडीलच आले. त्यांनी मला गाड्यामागे कोट काढून पत्रावळीवर बसलेलं पाहिलं. घरी आल्यावर आईकरवी निरोप आला की लग्न करायचं असेल तर हे सोडावं लागेल, वाजंत्र्याला आपल्यात मुलगी कोण देणार. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला मुलगी हवी होती. मी बँड सोडला. मास्तर म्हणाले, बरं केलंस, आणि माझ्या लग्नात फुकट वाजवायला आले. मारुतीपाशी त्यांनी कंधारची चाल वाजवली. मी आत नारळ धरून उभा होतो, अर्धीच ऐकू आली.

आता जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. बँड सोडल्यावर मी वडिलांच्या दुकानात बसलो नाही. लातूरला एकाच्या भागीत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग सुरू केलं. कॅमेरेवाला शूटिंगची कच्ची कॅसेट आणून द्यायचा. मी ती कापायची, बदामाच्या आकारातून नवरी आणायची, गुलाबाच्या फुलात नवरदेव बसवायचा आणि वरून गाणी टाकायची. खालचा मूळ आवाज पुसायचा, कारण गिऱ्हाइकाला तो नको असायचा. वाऱ्याची घरघर, पोरांची रडारड, जनरेटर. आणि बँडचा कलकलाट. "त्यो कलकलाट काढा आणि झकास गाणं टाका," असं मला बायाबापड्या हात जोडून सांगायच्या. मी टाकायचो. पंधरा वर्षं टाकली. परण्याचा भाग आला की पडद्यावर माझाच जुना बँड यायचा, मास्तर, कोठी, ट्रम्पेट, आणि मी बटण दाबून त्यांचा आवाज बंद करायचो. पोटापाण्याचा धंदा होता. आणि कच्ची कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायची, ही सगळ्याच दुकानांची रीत होती. ती मी पाडली नाही, पण मोडलीही नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. मूळची नांदेडची, शिकलेली, मला काका म्हणाली. तिच्या आईबापाच्या लग्नाची कॅसेट तिने कॉम्प्युटरवर घेतली होती. त्यात दोन गाण्यांच्या सांध्यात अकरा सेकंद मूळ आवाज राहून गेला होता. त्या अकरा सेकंदांत तिला जे ऐकू आलं त्याने ती चक्रावली. महिनाभर विचारपूस करत ती माझ्यापर्यंत आली होती. म्हणाली, "काका, हे फंक आहे, अमेरिकेतलं बासवर नाचवणारं संगीत. लग्नाच्या बँडमध्ये, त्या काळात, नांदेडला. कुणाला खरं वाटणार नाही." तिने मला परदेशातल्या दोन बँडचं काय काय ऐकायला पाठवलं. मी दुकानात बसून ऐकलं आणि मला राग आला. तोच अंगठा, तीच चट्, तीच रिकामी जागा. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, त्यांची नावं लोक पाठ म्हणून दाखवतात. आमच्या माणसाने हे हलगीवरून स्वतः काढलं, शिवाय त्यात म्हाताऱ्याची मान हलेल असा गोडवा ठेवला, आणि त्याला लोक म्हणाले, वाजवा की आता. पिकतं तिथे विकत नाही, हे ठाऊक होतं. पण इथे तर पिकलं होतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

ती अशा विसरलेल्या बँडांची एक तबकडी काढत होती. तिला एक चाल हवी होती, एकच, पण पूर्ण. तीन-चार मिनिटं. अकरा सेकंदांवर भागणार नव्हतं. मी म्हटलं, शोधतो. ते अकरा सेकंद राहिले ती माझी चूक होती, आणि बाकी सगळं पुसलं गेलं ते माझं काम होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

मास्तरांना सांगायला अहमदपूरला गेलो. एस.टी. स्टँडमागे दोन खोल्या. बँड डीजेने कधीच संपवला. ट्रम्पेटवाला वारला, बाकीचे पांगले. मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डावा हात मांडीवर पडलेला. गिटार त्याआधीच विकली होती. मी फोनवर ते अकरा सेकंद लावले. त्यांनी फोन कानाला लावला, परत लाव म्हणाले, परत लाव म्हणाले. मग म्हणाले, "औशाची." मी तबकडीचं सांगितलं. तेव्हा ते नावाला तयार होते. उलट म्हणाले, बँडच्या नावाखाली 'अहमदपूर' टाकायला सांग, आणि ट्रम्पेटवाल्याचंही नाव टाक, त्याच्या पोरीकडं पाठवता येईल. निघताना काकू दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या की आजारपणानंतर आज पहिल्यांदा यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं.

मी आणि मास्तर मिळून ती चाल आठवता येईल का, हेही करून पाहिलं. माझ्या वाट्याच्या तीन पट्ट्या मला येत होत्या, पण नुसत्या टेकूवरून वरचं धाब्याचं माळवद कळत नाही. मास्तर म्हणायचे, ते माझ्या डोक्यात नव्हतंच, हातात होतं. आणि हात तर मांडीवर पडलेला.

मग मी शोधत सुटलो. तीन महिने, दुकान मुलावर टाकून. मिक्सिंगच्या जुन्या वह्या होत्या, त्यांतून परण्याचा बँड कोणता ते कळायचं. नांदेडला गेलो, औशाला दोनदा गेलो. लोक आधी संशयाने बघायचे, मग लग्नाची कॅसेट बघायची म्हटल्यावर खूश व्हायचे, पोहे करायचे. नवरा-बायको स्वतःची बारीक अंगं बघून हसायचे. एका घरी नवऱ्याची आई परवाच गेली होती. ती पडद्यावर अक्षता वाटताना दिसली तेव्हा मी माझं विचारायचं विसरलो. सगळीकडे तेच. मारुतीचं देऊळ यायचं, मास्तर दिसायचे, आणि वरून सिनेमाचं गाणं. माझंच काम. बदाम, गुलाब आणि गाणं.

एकदाच खरी आशा लागली. कंधारला एका घरी कच्ची कॅसेट निघाली, मिक्सिंग न केलेली. त्या घरच्या मुलीचं लग्न वर्षभरात मोडलं, म्हणून कुणी ती पुढे करायला दिलीच नाही आणि फेकलीही नाही. तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली, म्हणाले, परत आणू नका. फितीला बुरशी लागली होती. नांदेडला एक जण अजून असली कामं करतो, त्याने दोन दिवस ती साफ केली. आम्ही दोघं त्याच्या टेबलाशी बसलो. जनरेटरची घरघर ऐकू आली आणि मी खुर्ची पुढे ओढली. परण्या आला, गाणं वाजत होतं, कोठी ऐकू येत होती, अगदी पोटात. घोडा देवळापाशी थांबला. नवरदेव उतरला. गाणं थांबलं. मास्तरांनी मान वर करून ट्रम्पेटवाल्याकडे बघितलं आणि अंगठा उचलला.

आणि चित्र तुटलं. पुढचं चित्र थेट नवरदेव देवळातून बाहेर येतानाचं. देवळात अंधार, बाहेर नुसते उभे लोक, कशाला बॅटरी जाळायची, म्हणून कॅमेरेवाल्याने कॅमेरा बंद केला होता. शहाण्या कॅमेरेवाल्याने तेच केलं असतं. मीच त्यांना तसं शिकवलेलं होतं की परण्यात देवळापाशी बॅटरी वाचवा, ते चित्र कामाचं नसतं. नांदेडचा तो माणूस म्हणाला, काका, पाणी आणू का. मी नको म्हटलं.

शेवटी हाती एकच गोष्ट राहिली. नांदेडच्या एका शाळामास्तरणीच्या घरची कॅसेट. तिच्या लग्नाचा कॅमेरेवाला नवखा होता, त्याला मास्तरांच्या हाताचं वेड लागलं असावं. देवळापाशी त्याने सगळं सोडून तीन मिनिटं नुसती बोटं घेतली होती, दोन्ही हातांची, जवळून. कुठल्या तारेवर कुठे बोट पडतं ते स्वच्छ दिसत होतं. आवाज अर्थातच पुसलेला. ती कॅसेट मला चांगली आठवत होती. तिच्यावर मी दोन दिवस घालवले होते. बाकी मिक्सिंगवाले कुठल्याही चित्रावर कुठलंही गाणं टाकायचे, हात एकीकडे आणि ठेका दुसरीकडे. मास्तरांच्या हाताचा असा अपमान मला बघवला नसता. म्हणून मी तीस-चाळीस गाणी लावून बघितली आणि ज्याची सम बरोबर त्यांच्या अंगठ्यावर पडते असं एक निवडलं. रिकामी जागा आली की गाण्यातही तिथे श्वास यावा, इतकं मी ते पुढेमागे केलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. गुरूची सेवा केल्यासारखं वाटलं होतं.

मास्तर तारा आपल्याच कानाने लावायचे, त्यामुळे कुठल्या बोटाचा सूर कुठला हे तेच सांगू शकणार होते. माझा हिशेब असा होता की मास्तरांनी आपलीच बोटं बघायची, सूर सांगायचे, आणि मी ते कीबोर्डवर बसवायचे. पुण्याची मुलगी म्हणाली होती की मूळ वाजवणाऱ्याने सांगितलेलं असेल तर तेही चालेल, ती बासवाला गाठून देईल. म्हणजे अजून दार उघडं होतं.

पेन ड्राइव्ह घेऊन सकाळी दहाच्या सुमारास गेलो. काकूंनी त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. टी.व्ही.ला लावताना मी आवाज बंद करायला रिमोट घेतला, पण त्यांनी हात केला, राहू दे. गाणं सुरू झालं. पडद्यावर त्यांची बोटं चालू लागली. तीन मिनिटं ते पापणी न हलवता बघत होते. उजव्या हाताचा अंगठा मांडीवर हलत होता.

मग मी आवाज बंद करून परत लावलं. म्हटलं, आता सांगा, पहिला सूर कुठला? त्यांनी बघितलं. पहिला सांगितला. दुसरा सांगितला. मी कीबोर्डवर दाबत गेलो. आठ-दहा सूर झाले आणि आम्ही दोघंही थांबलो, कारण जे वाजत होतं ते सिनेमाचं गाणं होतं. म्हटलं, पुन्हा बघू. पुन्हा तेच. ते म्हणाले, "बोटं माझीच हाईत. पन आवाज बंद केलास तरी त्येच गानं ऐकू यायलंय." मी पट्ट्यांवरून हात काढला. माझ्याही कानात तेच होतं. आम्ही आणखी चार वेळा बघितलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, काकूंनी पुसला. पाचव्या वेळी त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "वरून ह्ये गानं कुनी बसवलं?"

खोटं बोलता आलं असतं. लातुरात तेव्हा मिक्सिंगची बरीच दुकानं होती. मी म्हटलं, "मी बसवलं, मास्तर. या कॅसेटवर मी. बाकीच्यांवरही बहुतेक मीच."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. मास्तरांनी बघितलं नाही. ते अजून पडद्याकडेच बघत होते. चित्र थांबलेलं होतं, अंगठा तारेवर. मला वाटलं, आता शिवी येईल, आणि ती यावी असं मला फार वाटत होतं.

"सम लई बरोबर पाडलीस, अप्पा," ते म्हणाले. "कुटंच हलत न्हाई. माझा हात असा कधी गान्यात बसला न्हवता."

मग त्यांनी उजव्या हाताने रिमोट माझ्याकडे सरकवला आणि आवाज चालू करून पहिल्यापासून लाव म्हणाले. मी लावलं.